स्वतंत्र चित्रकाराची नोंदवही: घाटावरच्या थंबनेलपासून विक्रीच्या पावतीपर्यंत

चित्रकलेचा अभ्यासक्रम पूर्ण झाला की विद्यार्थ्याच्या हाती रेखाटन असते, रंगांची ओळख असते, रचनेची थोडीफार जाण असते. परंतु सोमवारी सकाळी, कोणी काम सांगितलेले नसताना आणि महिनाअखेरीस पगार मिळणार नसताना, कामाला कसे बसावे आणि झालेल्या कामाचे पुढे काय करावे, हे त्याला सहसा कोणी शिकवलेले नसते. मी पुण्यात राहून गेली २० वर्षे प्रामुख्याने जलरंगात निसर्गचित्रे करीत आलो आहे आणि या काळात जे अनुभवाने कळले ते येथे सांगत आहे. नुकतेच स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या चित्रकाराला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरणे जलरंगांची असली तरी तैलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते. जाड पुठ्ठ्याची, २०० पानी, शिवलेली नोंदवही विकत घ्यावी आणि प्रत्येक चित्राचा प्रवास पहिल्या थंबनेलपासून, म्हणजे रचना ठरवण्यासाठी केलेल्या छोट्या कच्च्या रेखाटनापासून, शेवटच्या पावतीपर्यंत तिच्यात लिहावा. सुटे कागद हरवतात आणि मोबाइल बदलला की त्यातल्या नोंदी सापडत नाहीत. अलिबागजवळच्या नागावमध्ये १९३६ साली जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे वर्षानुवर्षे डायऱ्या लिहीत असत. मनात आलेले आकार, वस्तूंची रेखाटने, एखाद्या चित्रावर केलेला विचार असे बरेच काही त्यांत आहे आणि २०१९ साली मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा त्या डायऱ्याही लोकांना पाहायला मिळाल्या. आपल्या वहीला तेवढे महत्त्व येईल की नाही याचा विचार करू नये. ती रोज उघडली जावी, इतकेच पाहावे.

वेळ आणि उजेड

सुरुवातीच्या वर्षांत केवळ चित्रविक्रीवर घर चालत नाही, हे मान्य करूनच दिवसाची आखणी करावी. शाळेत कलाशिक्षकाची नोकरी, शनिवार-रविवारचे वर्ग, पुस्तकांसाठी चित्रे काढणे, असे काही ना काही सोबत असतेच आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. बरवे यांनी स्वतः वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात नोकरी केली, आणि त्याच नोकरीमुळे १९६१ ते १९६५ या काळात वाराणसीत राहिल्याने तंत्रमार्गातल्या प्रतिमांशी त्यांचा जो परिचय झाला, तो त्यांच्या चित्रांत उतरला. प्रश्न नोकरी असण्याचा नसतो; चित्रासाठी राखलेले तास कोणालाही देऊन टाकण्याचा असतो. माझ्यापुरते सकाळी सात ते अकरा हे चार तास ठरलेले आहेत. त्या वेळेत फोन दुसऱ्या खोलीत असतो, बँकेची कामे होत नाहीत आणि पाहुण्यांना अकरानंतरची वेळ दिली जाते. घरच्यांना हे एकदा नीट समजावून सांगावे लागते, आणि ते समजून घेतात.

स्टुडिओसाठी वेगळी जागा मिळाली तर उत्तमच, परंतु दोन खोल्यांच्या घरातही एक खिडकी चित्रासाठी राखता येते. उत्तरेकडची खिडकी निवडावी, असे सगळीकडे सांगितले जाते, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर उजेड जवळजवळ सारखा राहतो. हा सल्ला युरोपात जितका खरा आहे तितका आपल्याकडे नाही. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे पुण्यासारख्या ठिकाणी साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेला असतो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ कागदावर पडते. ओल्या वॉशवर, म्हणजे कागदावर पसरलेल्या पातळ रंगाच्या थरावर, उन्हाचा असा पट्टा पडला तर तेवढाच भाग आधी वाळतो आणि कडा धरतो. पांढऱ्या मांजरपाटाचा पातळ पडदा लावला की हे काम भागते. रंगीत पडदा मात्र लावू नये, कारण त्याची छटा कागदावर येते आणि ती लक्षातही येत नाही. रात्री काम करायचे असेल तर रंग खरे दाखवणारा, म्हणजे ज्याच्या खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून अधिक लिहिले आहे असा, ५००० केल्व्हिनच्या आसपासचा दिवा वापरावा.

जागेवर काम करताना

निसर्गचित्रकाराने जागेवर जाऊनच काम करावे, असे माझे ठाम मत आहे. छायाचित्रावरून काम करणाऱ्याच्या सावल्या काळ्या होतात, कारण कॅमेरा सावलीतला रंग गिळून टाकतो. वाईजवळच्या मेणवलीचे उदाहरण घेतो, कारण तेथे मी अनेकदा बसलो आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेवर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, काठावरची देवळे आणि ती मोठी घंटा हे सगळे आपल्या चित्रकारांनी पुष्कळदा रंगवले आहे. असे असूनही तेथे गेलेला नवा माणूस पहिल्याच सकाळी गोंधळतो, कारण समोर फार काही असते.

तेथे पोहोचल्यावर पहिली २० मिनिटे रंगपेटी उघडू नये. वहीच्या पानावर आगपेटीएवढ्या चार चौकटी आखाव्यात आणि मऊ पेन्सिलीने केवळ तीन टोनमध्ये, म्हणजे कागदाचा पांढरा, एक मधला आणि एक गडद, चार वेगवेगळ्या रचना करून पाहाव्यात. ज्या चौकटीतला गडद आकार डोळे किलकिले केल्यावरही एकसंध दिसतो, तीच रचना घ्यावी. मग तिच्या शेजारी वेळ लिहावी आणि ऊन कोठून येते हे बाणाने दाखवावे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे साडेसातला पायऱ्यांवर पडलेली देवळाची सावली नऊ वाजता भलतीकडेच गेलेली असते. आणि जो चित्रकार तिच्या मागे मागे सावली बदलत जातो, त्याच्या चित्रात शेवटी दोन सूर्य उगवतात. सावलीचा आकार एकदा पेन्सिलीने ठरवला की तोच चित्रात ठेवावा.

आता पायऱ्यांच्या दगडाकडे जवळून पाहावे. आपण त्याला काळा दगड म्हणतो, पण नोव्हेंबरच्या सकाळी कोरडी पायरी राखाडी-जांभळट दिसते, तिच्या उन्हातल्या कडेवर किंचित गुलाबी उबदारपणा असतो आणि पाण्याने भिजलेल्या खालच्या दोन-तीन पायऱ्या मात्र गडद निळसर होऊन वरचे आकाश परावर्तित करीत असतात. कोरड्या आणि ओल्या दगडांमधली रेषा हीच या चित्राची जान आहे. ती साधण्यासाठी मी अल्ट्रामरिन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी असे दोनच रंग घेतो. वरच्या पायऱ्यांसाठी सिएना जास्त, खाली येताना अल्ट्रामरिन वाढवत न्यायचे, आणि हा सगळा वॉश बोर्ड साधारण १५ ते २० अंशांत तिरका ठेवून एकाच दमात खाली उतरवायचा. पाण्याला टेकलेल्या पायरीची कड कागद ओला असतानाच सोडून द्यायची, म्हणजे प्रतिबिंब तिच्यातूनच निघाल्यासारखे दिसते. तयार काळा रंग येथे वापरला तर दगड कोळशासारखा दिसतो, आणि पेटीत तो नसलेलाच बरा.

वॉश वाळायला किती वेळ लागतो, हे पुस्तकातून कळत नाही. ते ऋतूवर आणि जागेवर ठरते. एप्रिलमध्ये दुपारी माझा वॉश तीन-चार मिनिटांत वाळतो, तर जुलैमध्ये पाऊण तास झाला तरी कागद हाताला गार लागतो. म्हणून प्रत्येक जागेवरच्या कामाखाली महिना, वेळ, हवा आणि पहिला वॉश वाळायला लागलेली मिनिटे लिहून ठेवावीत. दोन वर्षांत स्वतःच्या भागाचे जे पंचांग त्यातून तयार होते, ते दुसरे कोणी देऊ शकत नाही. कागद वाळला की नाही हे पाहण्यासाठी बोट न लावता हाताची मागची बाजू कागदाजवळ न्यावी. गारवा जाणवला तर थांबावे.

जागेवरच्या कामाची मर्यादा मी दोन तासांची ठेवली आहे. त्यानंतर जे करतो ते समोर पाहून होत नाही, आठवणीने होते, आणि आठवणीचे काम करायला स्टुडिओ आहे.

कागद, रंग आणि पावसाळा

पैसे कमी असतील तर ब्रश कमी घ्यावेत, रंग कमी घ्यावेत, परंतु कागद चांगलाच घ्यावा. शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत कागद हा सुरुवातीसाठी योग्य असतो. पूर्ण ताव ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे २२ बाय ३० इंचांचा येतो. त्याचे चार भाग केले की जागेवरच्या कामासाठी सोयीचा आकार मिळतो. कागद एकदम २५ ताव आणून ठेवण्याचा मोह टाळावा. जलरंगाच्या कागदाला सरस किंवा तत्सम पदार्थाचे सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषले जाऊ नये म्हणून केलेला संस्कार, असते, त्यामुळे रंग वर राहतो आणि खेळवता येतो. दोन-तीन पावसाळे दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाचे हे सायझिंग बिघडते आणि त्यावर टाकलेला वॉश टीपकागदावर शाई शोषली जावी तसा जागच्या जागी जिरतो, डाग पडतात. जुना कागद वापरण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. थेंब काही वेळ उभा राहिला तर कागद चांगला आहे, क्षणात पसरून काळपट ठिपका दिसला तर तो सरावासाठी बाजूला काढावा.

रंगांच्या बाबतीत ट्यूबवरच्या नावापेक्षा बारीक अक्षरांतला रंगद्रव्याचा क्रमांक वाचण्याची सवय लावून घ्यावी. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरिन, पीबीआर ७ म्हणजे सिएना आणि अंबर या मातकट रंगांचे कुटुंब, पीवाय ४३ म्हणजे यलो ऑकर. हे सगळे उजेडात टिकणारे आहेत. याउलट पीआर ८३, म्हणजे मूळचा ॲलिझरिन क्रिमसन, उडून जातो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात माझे संध्याकाळचे एक चित्र सहा वर्षे खिडकीसमोर लावलेले होते. मी गेलो तेव्हा आभाळातली लाली पार गेली होती आणि मागे राहिलेल्या निळ्या-राखाडी पट्ट्याला संध्याकाळ म्हणवत नव्हते. माणसे इतकी भली की ते म्हणाले, आम्हाला असेच आवडते. मी ते चित्र परत घेतले आणि दुसरे करून दिले. तेव्हापासून त्या रंगाच्या जागी मी पीव्ही १९, म्हणजे क्विनॅक्रिडोन हे टिकाऊ रंगद्रव्य, वापरतो.

घरच्या घरी परीक्षाही करता येते. वापरातल्या प्रत्येक रंगाची एक पट्टी पातळ आणि दाट अशा दोन्ही प्रकारे कागदावर रंगवावी, तिच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा घट्ट चिकटवावा आणि हा कागद दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून लावून ठेवावा. दिवाळीत लावलेला कागद मेअखेरीस काढावा, कारण हिवाळ्याचे ऊन दक्षिणेकडूनच येते. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग विक्रीच्या चित्रात वापरू नये. परीक्षेचा हा कागद तारखेसह वहीत चिकटवावा.

पावसाळ्यात झालेल्या कामाची काळजी घेणे हा आपल्याकडे चित्रकाराच्या कामाचाच भाग आहे, विशेषतः मुंबईत, कोकणात आणि गोव्यात. चित्रे बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. भिंत आणि पोर्टफोलिओ यांच्यात चार बोटांचे अंतर असावे आणि पोर्टफोलिओ जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा. प्रत्येक दोन चित्रांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालावा. वर्तमानपत्र घालू नये, ते स्वतः पिवळे पडते आणि चित्रालाही पिवळे करते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे जेल घेतले तर ते भिजल्याचे लगेच कळते आणि गरम करून पुन्हा वापरता येते. बुरशीचा ठिपका दिसला तर ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, कारण त्याने बुरशी कागदात आणखी आत जाते. चित्र कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवावे, पूर्ण सुकू द्यावे आणि मग मऊ कोरड्या ब्रशने, नाकातोंडावर मास्क लावून, घराबाहेर झटकावे. कसर आणि वाळवी यांच्यासाठी दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून पाहण्यासारखा दुसरा उपाय नाही. फ्रेम केलेल्या चित्राची काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, असलाच पाहिजे. तो शोभेसाठी असतो असा पुष्कळांचा समज आहे.

स्टुडिओतले काम

जागेवरून आणलेले काम आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवावे. आठ दिवसांनी ते एकदम वळवून पाहिले की जे खटकते ते पहिल्या दोन सेकंदांत दिसते, आणि त्या दोन सेकंदांत जे दिसले ते ताबडतोब वहीत लिहावे, कारण नंतर डोळा सवयीने तडजोड करू लागतो. आरशात पाहूनही रचनेतला तोल तपासता येतो. दुरुस्ती जलरंगात फार करता येत नाही. ज्या चित्रात तीनपेक्षा अधिक दुरुस्त्या सुचतात ते पुन्हा नव्याने करावे, असा माझा नियम आहे.

मोठ्या चित्राकडे जाताना जागेवरचे छोटे चित्र मोठे करून उतरवण्याची चूक बहुतेक जण करतात. २८ सेंटिमीटरच्या कागदावर ब्रशचा जो एक फटकारा पायरी होऊन जातो, तो ७६ सेंटिमीटरवर तसाच मोठा केला की ओघळ दिसतो. म्हणून मोठ्या कागदासाठी थंबनेलपासून पुन्हा सुरुवात करावी आणि छोटे चित्र केवळ रंगाच्या आणि हवेच्या आठवणीसाठी समोर ठेवावे. एकाच विषयावर १० ते १२ चित्रांची मालिका करावी. पहिल्या चार चित्रांत आपण जे ठाऊक आहे ते करतो, पाचव्या-सहाव्यात कंटाळतो आणि त्या कंटाळ्यातून पुढे गेल्यावरच काही नवे हाती येते. मी मेणवलीची १४ चित्रे केली आणि त्यांतली शेवटची तीन प्रदर्शनात ठेवण्याजोगी होती.

काम किती व्हावे, याचा एकच एक आकडा नसतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास पूर्ण करीत, रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर लावीत, काढीत, आणि प्रत्यक्ष रंगवण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ नुसते बसून राहत. जलरंगाचा स्वभाव वेगळा आहे, तो हाताच्या रोजच्या सरावावर चालतो. मात्र काही न करता चित्रासमोर बसण्याचा वेळही कामाचाच धरावा आणि वहीत तसा मांडावा.

क्रमांक, छायाचित्र, किंमत

चित्र पूर्ण झाले असे ठरले की त्याच दिवशी त्याला क्रमांक द्यावा. माझी पद्धत साधी आहे: वर्षाचे शेवटचे दोन आकडे, माध्यमाचे अक्षर आणि अनुक्रम, म्हणजे २४-ज-०१७ हे २०२४ सालातले १७ वे जलरंगचित्र. हाच क्रमांक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, कागद न दाबता लिहावा. बॉलपेनची शाई पुढे उमटते. वहीत या क्रमांकासमोर शीर्षक, आकार, कागद, रंगद्रव्ये आणि तारीख येते, आणि चित्र पुढे कोठे गेले यासाठी अर्धे पान मोकळे सोडलेले असते.

फ्रेम करण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, काच बसल्यावर ते नीट येत नाही. चित्र भिंतीवर सरळ उभे करावे, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर आणि त्याला समांतर असावा, आणि उजेड दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा यावा. दिवे नसतील तर सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवरची मोकळी सावली उत्तम. चित्राशेजारी राखाडी रंगाचा कार्ड ठेवून एक छायाचित्र घेतले की पुढे छपाईच्या वेळी रंग जुळवता येतो.

किंमत ठरवताना नवा चित्रकार एक तर लाजतो किंवा दुसऱ्याची किंमत पाहून आपली लावतो. त्याऐवजी चौरस इंचाचा दर धरावा. समजा दर ४० रुपये धरला, तर १५ बाय २२ इंचांचे चित्र ३३० चौरस इंचांचे, म्हणून १३,२०० रुपये, फ्रेम वेगळी. पूर्ण तावाचे ६६० चौरस इंच होतात, तेथे दर थोडा उतरवावा. हे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत. आपला दर आपल्या खर्चावरून आणि राखलेल्या तासांवरून काढावा. कलादालने विक्रीवर साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमिशन घेतात. वरच्या चित्रावर एक तृतीयांश कमिशन गेले तर ८,८०० रुपये हाती येतात. एवढ्यात कागद, रंग, प्रवास आणि श्रम भागत नसतील तर दर चुकला आहे. घरी येऊन चित्र घेणाऱ्याला आणि कलादालनात घेणाऱ्याला किंमत एकच सांगावी. घरी स्वस्त देणाऱ्या चित्रकारावर कलादालन विश्वास ठेवत नाही आणि ज्याने आधी पूर्ण किंमत दिली त्या संग्राहकाचाही तो अपमान होतो. एकदा वाढवलेला दर खाली आणू नये, म्हणून वाढवताना सावकाश वाढवावा.

प्रदर्शन

आपल्याकडे सुरुवात करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे वार्षिक स्पर्धात्मक प्रदर्शने. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून अस्तित्वात आहे, आणि राज्य शासनाचे राज्य कला प्रदर्शनही असते. येथे एकेका चित्राची निवड होते, त्यामुळे खर्च कमी आणि अनुभव मोठा. नाकारलेल्या चित्राचीही नोंद वहीत करावी. दोन-तीन वर्षांनी ती पाने वाचली की निवडीमागचे कारण पुष्कळदा आपल्यालाच दिसते.

एकल प्रदर्शनासाठी घाई करू नये. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली तेव्हापासून मराठी चित्रकाराच्या मनात तिचे जे स्थान आहे ते आजही आहे, आणि म्हणूनच तेथे तारीख मिळायला वर्षे लागतात. अर्ज करून ठेवावा आणि मधल्या काळात पुण्याच्या बालगंधर्व कलादालनासारख्या ठिकाणी आठ-दहा जणांनी मिळून समूह प्रदर्शन करावे. भिंतीची लांबी आधी मोजून यावी. चित्रांमध्ये हातभर मोकळी जागा सोडून किती चित्रे बसतात ते आलेख कागदावर मांडून पाहावे आणि जेवढी बसतात त्यापेक्षा दोन कमी न्यावीत. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५८ इंचांवर ठेवला तर सरासरी उंचीच्या माणसाला मान वाकडी करावी लागत नाही. प्रदर्शनाच्या सर्व दिवशी स्वतः हजर राहावे. लोक विचारतात ते प्रश्न संध्याकाळी वहीत लिहावेत. पुढच्या मालिकेचा विषय मला दोनदा त्या प्रश्नांतूनच मिळाला आहे.

सांगून करून घेतलेले काम

येथे सर्वांत अधिक काळजी घ्यावी, कारण येथे फसगत कायद्यानेच होते. भारतीय स्वामित्व हक्क (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार चित्राचा पहिला स्वामित्व हक्क चित्रकाराचा असतो. परंतु कलम १७ मध्ये याला अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन, स्वतः सांगून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या चित्राचा पहिला स्वामित्व हक्क सांगणाऱ्याकडे जातो. मला हे ठाऊक नव्हते. एका उद्योगसमूहाने कार्यालयात लावण्यासाठी माझ्याकडून सहा घाटचित्रे करून घेतली, आणि पुढच्या वर्षी ती दिनदर्शिकेवर, मग भेटकार्डांवर आली. मी विचारणा केली तेव्हा त्यांनी शांतपणे हे कलम दाखवले. त्यांनी बेकायदा काही केले नव्हते, तरीही अनेक महिने ते मनाला लागून राहिले, कारण पहिल्या भेटीत एक ओळ लिहून घेतली असती तर हे टळले असते.

ती ओळ अशी असावी: "या चित्रांचा स्वामित्व हक्क चित्रकाराकडे राहील, ग्राहकास मूळ चित्र स्वतःच्या जागेत प्रदर्शित करण्याचा अधिकार असेल, छपाई किंवा अन्य पुनरुत्पादनासाठी स्वतंत्र लेखी परवानगी व मोबदला आवश्यक राहील." तिच्याखाली दोघांच्या सह्या आणि तारीख घ्यावी. त्याच कागदावर आकार, माध्यम, मुदत आणि रक्कम लिहावी, अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी आणि रेखाटनाच्या टप्प्यावर किती बदल करून मिळतील हेही नमूद करावे. रंग लागल्यानंतर बदल होत नाहीत, हे जलरंगाच्या बाबतीत आवर्जून सांगावे लागते. हक्क देऊन टाकायचाच असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो; म्हणून दोन्ही स्पष्ट लिहावे.

आणखी दोन कलमे लक्षात ठेवावीत. कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही चित्रावर आपले नाव राहावे आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. कलम ५३अ नुसार, ज्या चित्राचा पहिला हक्क चित्रकाराचा होता ते मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो. तो १० टक्क्यांपेक्षा अधिक नसतो. हा वाटा मागायचा तर ते चित्र आपलेच, अमुक साली, अमुक व्यक्तीला विकले होते हे दाखवता आले पाहिजे.

म्हणून चित्र विकले गेले की पावतीची एक प्रत त्या चित्राच्या पानावर चिकटवावी. घेणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, रक्कम आणि चित्र कोणत्या भिंतीवर लागणार आहे हे मोकळ्या सोडलेल्या अर्ध्या पानावर लिहावे. ऊन त्या भिंतीवर येते का, हे विचारायला संकोच करू नये. येत असेल तर दुसरी भिंत सुचवावी. चित्र पाठवताना काचेवर कागदी टेपची फुली मारावी, म्हणजे वाटेत काच फुटली तरी तुकडे कागदावर पडत नाहीत; कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घालाव्यात, आणि खोक्याच्या आत आपला पत्ता, चित्राचा क्रमांक व पावसाळ्यात घ्यायच्या काळजीच्या चार ओळी हाताने लिहून ठेवाव्यात.